हिवरगडची लूट

"थंडी? कुठे आहे थंडी?" हिवरगडच्या खंबीरसिंह महाराजांनी विचारलं. अंगावर तीन शाली होत्या, पायाशी दोन शेगड्या होत्या आणि कारभारी त्रिंबकपंत तिसरी फुंकत होते.

समोर ठमा कुंभारीण उभी होती. दात वाजू नयेत म्हणून तिनं जबडा आवळून धरला होता.

"म्हाराज, शेजारची पारू कोष्टीण बाळंत झालीया. बाजेखाली शेक द्यायला घरात काटकी न्हाई. मडकी भाजायला आणलेली माझी लाकडं गल्लीनं मिळून जाळली, ती सरली. रान तुमी शिकारीसाठी बंद केलंत. वखार तुमची भरलीया. त्यातल्या चार मोळ्या..."

"मागते आहेस!" महाराज गरजले. "मागितलं की माणूस आळशी होतं. दिलं की आणखी आळशी होतं. आम्ही तुमच्याच भल्यासाठी देत नाही!"

"वा!" त्रिंबकपंत म्हणाले आणि शेगडीजवळ सरकले.

"तेवढं भलं पारूच्या लेकराला समजावून सांगा, म्हाराज. चार दिवसांचं हाय, पर हुशार हाय."

महाराजांना हसू येता येता राग आला. "जीभ फार चालते तुझी! मग डोकंही चालव. आमच्या वखारीतलं लाकूड बाहेर काढून दाखव. मागायचं नाही, कुणी द्यायचं नाही, विकत घ्यायचं नाही, चोरायचं नाही! संक्रांतीपर्यंत जमलं तर बक्षीस. नाही जमलं, तर तुझं चाक या शेगडीत!"

चाक गेलं की कुंभाराच्या घरात उरतं काय? चिखल! पण पारूच्या घरात तर तेवढंही धड नव्हतं. घरी येताच ठमानं स्वतःच्या दाराची एक फळी उचकटली आणि पारूच्या बाजेखाली जाळली. घरात वारा शिरला तो शिरलाच.

भोगीच्या दिवशी ठमा सुगडं घेऊन राणीसाहेबांकडे गेली. गुणवंताबाई राणीसाहेबांनी टोपली पाहिली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"इतकीच?"

"मडकी भाजायचा आवा पेटलाच न्हाई, बाईसाहेब. ही मागच्या खेपेची हाईत. नायतर तुमच्या सासूबाईंनी एका संक्रांतीला माझ्या सासूचा अख्खा आवा लुटला हुता! भाजलेली सगळी मडकी गावातल्या बायकांना वाण म्हणून! अजून नाव काढत्यात."

सासूबाईंचं नाव निघालं आणि राणीसाहेब ताठ बसल्या. "आणि आम्ही दरवर्षी चांदीचे करंडे लुटतो, त्याचं नाव काढत नाहीत?"

"काढत्यात की! पर यंदा करंड्यात ठेवायला कुंकू हाय, आन कुंकू लावायला बोट वाकत न्हाई, गारठ्यानं."

राणीसाहेब हसल्या नाहीत. खिडकीबाहेर वखार दिसत होती, छपरापर्यंत लाकडांनी भरलेली. ठमा गप्प बसली. फार गप्प बसली.

त्या संध्याकाळी राणीसाहेबांनी महाराजांना विचारलं, "यंदा वाण म्हणून घरातलंच काही लुटलं तर चालेल ना?"

महाराजांच्या तोंडात तिळाचा लाडू होता. "लुटा, लुटा! हळदीकुंकवातलं आम्हाला काय कळतंय!"

संक्रांतीला दुपारी त्रिंबकपंत पागोटं सावरत धावत आले. "महाराज, घात झाला! वखार लुटली!"

"कोणी? कुठली टोळी?"

"राणीसाहेबांनी!"

महाराज सज्जात आले. गावातल्या झाडून साऱ्या बायका कपाळभर कुंकू लेवून, डोक्यावर मोळी घेऊन दिंडीदरवाजातून बाहेर पडत होत्या. सगळ्यांत पुढे ठमा, तिच्या डोक्यावर पारूची मोळी!

"पकडा तिला!"

ठमा मोळीसकट हजर झाली, मागोमाग राणीसाहेबही आल्या.

"तू मागितलंस!"

"न्हाई जी. सुगडं द्यायला गेले हुते."

"खरं आहे," राणीसाहेब म्हणाल्या. "तिनं काडीसुद्धा मागितली नाही."

"मग तुम्ही दिलंत! देणं बंद होतं!"

"वाण देतात का कुठे?" राणीसाहेब म्हणाल्या. "वाण लुटतात! आणि लुटा असं दोनदा म्हणालं कोण?"

महाराजांनी त्रिंबकपंतांकडे पाहिलं. त्रिंबकपंतांनी शेगडीकडे पाहिलं.

"मागनं, देनं, इकत घेनं, चोरनं," ठमा म्हणाली, "चारी दारं तुमी लावलीत, म्हाराज. लुटायचं उघडं ऱ्हायलं!"

"ठीक!" महाराज मिशीला पीळ देत म्हणाले. "एक मोळी गेली घरटी. दोन दिवसांत राख होईल. संक्रांत तर आज संपली!"

"संक्रांत संपली, म्हाराज. हळदीकुंकू रथसप्तमीपतुर असतंय!"

महाराज असे हसले, असे हसले की मिशीचा पीळ सुटला.

"जिंकलीस! बक्षीस माग!"

"मागायची बंदी हाय, म्हाराज."

"बरं, मीच देतो."

"देण्याचीही बंदी आहे, महाराज," त्रिंबकपंत सवयीनं बोलून गेले.

"मग मीही लुटतो!" असं म्हणून महाराजांनी तिन्ही शाली ओढून काढल्या आणि ठमाच्या मोळीवर टाकल्या. "जा! एक तुझी, एक बाळंतिणीची, एक त्या हुशार लेकराची!"

सज्जातून वाऱ्याची एक झुळूक आली. महाराजांचे दात कडकड वाजले.

"अरे!" ते ओरडले. "थंडी आहे की! त्रिंबकपंत, वखारीचं दार उघडंच ठेवा, रथसप्तमी कसली, होळीपर्यंत!"