राहीच्या परसातली माती

या गोष्टीला आता फार वर्षं झाली. डोंगराच्या पायथ्याशी एका गावात एक विणकर राहत होता. त्याची बायको राही तापानं गेली, आणि घरात तो आणि त्याची लहानगी मुलगी येसू, अशी दोघंच उरली. वर्ष उलटल्यावर विणकरानं सगुणा नावाच्या बाईशी लग्न केलं.

सगुणा मनानं चांगली होती. तिनं येसूला शेंगदाण्याचे लाडू करून दिले, नवं परकर-पोलकं शिवलं. येसू लाडू खायची, पोलकं घालायची, पण बोलायची नाही. काही विचारलं तर नुसती मान हलवायची. त्या घरात राहीचं नावही कुणी काढत नसे. नाव काढलं की पोर रडेल, असं विणकराला वाटे. म्हणून तो गप्प, आणि तो गप्प म्हणून येसूही गप्प.

घरामागे राहीचा भाजीचा वाफा होता. ती गेल्यापासून त्याला कुणी हात लावला नव्हता. माती वरून टणक झाली होती आणि तिला भेगा पडल्या होत्या. सगुणानं हौसेनं वांग्याची रोपं आणून लावली आणि भर दुपारी हंडाभर पाणी ओतलं. पाणी आत मुरलंच नाही. वरच्या वर वाहत कुंपणाबाहेर गेलं. तिनं आणखी हंडे आणून ओतले, तेही तसेच गेले. थोड्याच दिवसांत रोपांनी माना टाकल्या.

"हाताला गुण नाही वाटतं नव्या बाईच्या," कुंपणापलीकडून शेजारीण म्हणाली. सगुणाला ते फार लागलं. चुलीपुढे बसून ती रडली.

विणकर तिची समजूत घालत म्हणाला, "अगं, ती मातीच मेली आहे. उद्या तळ्यातला गाळ आणतो गाडीभर. ही सगळी उपसू आणि ओढ्यात टाकू."

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी दारात आली. विणकरानं कुदळ उचलली, तोच येसू धावत आली आणि वाफ्यात पालथी पडली. दोन्ही मुठींत तिनं माती धरली होती.

"ऊठ येसू, लागेल तुला!" विणकर ओरडला. ती हलली नाही.

सगुणा तिच्याजवळ जाऊन बसली. "काय झालं बाळा?"

"ही माझ्या आईची माती आहे," येसू म्हणाली. "हिला ओढ्यात नका टाकू."

सगुणाशी ती पहिल्यांदाच एवढं बोलली होती.

सगुणानं दारातल्या गाडीकडे पाहिलं. काळा गाळ समोर होता. तो पसरला की भाजी लवकर आली असती, शेजारणीचं तोंड बंद झालं असतं. आणि मनातलं खरं सांगायचं तर, जुनी माती गेली की घरातलं जुनं दुःखही जाईल आणि हे घर आपलं होईल, असंही तिला वाटून गेलं होतं. तिनं येसूच्या मातीनं भरलेल्या मुठींकडे पाहिलं.

"गाडी परत पाठवा," ती नवऱ्याला म्हणाली.

"वेडी आहेस का? या मातीत गवतसुद्धा उगवायचं नाही."

"माती मेलेली नाही हो. उपाशी आहे. इतके दिवस तिच्याकडे कुणी पाहिलंच नाही." मग ती येसूकडे वळली. "राही काय करायची गं या वाफ्यात? मला येत नाही. तू सांगशील?"

त्या परसात कितीतरी दिवसांनी ते नाव निघालं. विणकरानं कुदळ हळूच खाली ठेवली. येसू हुंदके देऊन रडू लागली. सगुणानं तिला गप्प केलं नाही, नुसती पाठीवरून हात फिरवत राहिली. रडू ओसरल्यावर येसू उठून बसली आणि सांगू लागली.

"आई सुकी माती खणायची नाही. आधी पाणी शिंपडायची. थोडं थोडं. मऊ झाली की खुरप्यानं भुसभुशीत करायची."

गाळाची गाडी शेजारणीच्या परसात रिकामी झाली. शेजारीण मनातून खूश झाली, पण तिनं तसं बोलून दाखवलं नाही.

येसू आठवेल तसं सांगत गेली आणि सगुणा तसं करत गेली. दोघींनी मातीत पालापाचोळा मिसळला. सगुणा ताजं शेण आणायला निघाली, तेव्हा येसूनं तिचा पदर धरला. "ओलं नको, रोपं जळतात. कुजून काळं झालेलं हवं." म्हणून शेण कुजेपर्यंत त्या थांबल्या. मग जुनी, पाझरणारी मडकी गळ्यापर्यंत जमिनीत पुरून पाण्यानं भरली आणि त्यांवर झाकणं ठेवली. वांग्याची नवी रोपं लावून त्यांच्याभोवती आळी केली, वर वाळलं गवत अंथरलं. आता पाणी संध्याकाळी, ऊन उतरल्यावरच घालायचं असं ठरलं. भाजी धुतलेलं पाणीही सगुणा जपून वाफ्यात नेई.

काम करता करता येसू राहीच्या गोष्टी सांगायची. ती कशी हसायची, कोणती भाजी तिखट करायची. पुढे पुढे विणकरही माग थांबवून तिथं येऊन बसू लागला. एकदा हसता हसता त्याचे डोळे भरून आले. ते त्यानं लपवले नाहीत.

फळ यायला उशीर झाला. लोक म्हणत, गाळ घेतला असता तर आतापर्यंत टोपल्या भरल्या असत्या. पण उन्हाळ्यात विहिरीचं पाणी तळाला गेलं आणि गावातली परसं करपू लागली, तेव्हा या वाफ्याला थोडंसंच पाणी पुरलं. गवत उचललं की खाली माती गार आणि ओलसर लागे. झाडांना जांभळी, चकचकीत वांगी लटकली.

त्यानंतरच्या साली सगुणा माहेरी गेली होती. परत आली, तर येसू तिचा हात धरून तिला मागं घेऊन गेली. भिंतीलगत एक नवा वाफा तयार होता. माती भुसभुशीत केलेली, मधोमध मडकं पुरलेलं.

"हा कुणाचा गं?"

"तुझा," येसू म्हणाली. "तुझ्या माहेरी काय लावतात?"

सगुणा मडक्याशेजारी टेकली. "घोसाळी," ती म्हणाली. "माझी आई घोसाळी लावायची."

"कशी लावायची? सांग ना," म्हणत येसू मातीत मांडी घालून बसली.

तात्पर्य: कुणाच्या मनात आधीपासून दुसऱ्या कुणाची माया असेल, तर ती उपसून आपली जागा करू नये. तिची आपुलकीनं विचारपूस करावी, म्हणजे आपल्यालाही तिथं रुजता येतं.