दारावरची रेघ

आमच्या वाचनालयात दर गुरुवारी वाद रंगतो. ज्याचं मत बदलेल त्यानं दारावर खडूनं रेघ मारायची, एवढाच नियम. अध्यक्ष दाजीसाहेबांना जन्मात कुणी उलट विचारलेलं नाही. ते एकदा कुलूप घेऊनच आले.

"बोलून कुणाचं मत बदलत नसतं. बंद करा हा तमाशा!"

वाद चालवणारी उल्का म्हणाली, "हे आम्हाला पटवा, कुलूप मीच लावते."

दाजीसाहेब तासभर गरजले. शेवटी त्यांची कायम री ओढणारे भिकाजीमामा उठले. "पटलं बुवा! आजवर मला वाटायचं, बोलून फरक पडतो."

उल्कानं त्यांच्या हातात खडू दिला. "मारा रेघ, मामा. दाजीसाहेबांनी नुसतं बोलून तुमचं मत बदललं."

रेघ दारावर आहे. कुलूप दाजीसाहेबांच्या घरी.