मुदपाकखान्यातली बारव

लाल ठिपक्याच्या शेजारी धुरांडं काढलेलं होतं, आणि गोजरीला पहिल्यांदा खटकलं ते तेवढंच. बारवेला धुरांडं कशाला?

करंजनगरच्या धुंडिराजमहाराजांनी राज्यातल्या सगळ्या जुन्या वास्तूंचा नकाशा करवून भर चौकात टांगला होता. लाल ठिपका दिसला की समजायचं, ही वास्तू राखीव. तिच्या दगडाला हात लावायचा नाही. रयतेनं यावं, बघावं, आपापलं देऊळ, आपापली वेस शोधावी! लोक शोधत होते आणि खूश होत होते. माळ्याची लेक गोजरी मात्र घामाघूम झाली. तिच्या वाडीच्या बारवेचा ठिपका बसला होता थेट राजवाड्याच्या मुदपाकखान्यावर! आणि जिथं बारव खरोखर होती, जिच्या पाण्यावर अख्खी वाडी आणि गोजरीचा शेवंतीचा मळा जगत होता, तिथं नुसता पांढराफटक कागद. त्यावर सुबक अक्षरात लिहिलेलं : 'मोकळी जागा. इथे हत्तीखाना.'

"अगं बाई!" गोजरी एवढ्या जोरात दचकली की मागच्या ठमाकाकूंच्या डोक्यावरची पाटी हिंदकळली.

"काय गं? पाल पडली का अंगावर?"

"काकू, आपली बारव पळवली!"

तोवर बारवेपाशी पाथरवट येऊन बसलेही होते. उद्या दुपारची तोफ झाली की पहिला घण घालायचा, असा त्यांना हुकूम होता.

गोजरी दरबारात गेली. चोपदारानं काठी आपटली तेव्हा दचकली, महाराज शिंकले तेव्हा पुन्हा दचकली. पण बोलायचं ते बोलली.

महाराजांनी नकाशेकार त्रिंबकपंतांकडं पाहिलं. पंतांनी छताकडं पाहिलं. खरी गोष्ट अशी होती, की पंत बारव मोजायला निघाले तेव्हा वाटेत मुदपाकखान्यातून जिलब्यांचा वास आला. पंत आत जाऊन पाटावर बसले आणि आचाऱ्याला म्हणाले, "काय हो, बारव कुठंशी आली?" आचाऱ्यानं झारा उगारून खिडकीबाहेर दाखवलं, आणि पंतांनी बसल्या जागी ठिपका देऊन टाकला!

"नकाशा बरोबर आहे," पंत छताला म्हणाले.

"पण महाराज, मी रोज तिथं पाणी भरते..."

"माझी मोहोर उठलेला नकाशा चुकत नाही!" महाराज गरजले. त्यांनी हट्ट धरला की धरला. "ठिपका आहे तिथंच बारव आहे. नसेल, तर उद्या तोफ व्हायच्या आत तिथं आणून दाखव! एकही दगड न हलवता! नाही जमलं, तर हत्तीखाना!"

दरबार खो खो हसला. गोजरीचे डोळे भरून आले. पण परत जाताना चौकात थांबून तिनं नकाशाखालचा हुकूम ओठ हलवत हलवत वाचला. 'राखीव जागेत वहाणा नकोत, जाळ नको. उजाडल्यापासून मावळेपर्यंत रयतेला वाट मोकळी. मोडेल त्याला फटके.' आणि रडायचं राहूनच गेलं.

"काकू, उद्या वाडीतल्या सगळ्या बायकांनी घागरी घेऊन निघायचं."

"कुठं गं?"

"पाण्याला. राजवाड्यात!"

दुसऱ्या दिवशी मुदपाकखान्यात पुरण शिजत होतं. दारातून एक कापरा आवाज आला, "चुली विझवा!"

मुख्य आचारी बाबूभट गर्रकन वळला. "कोण गं तू?"

"मी... मी रयत. ही राखीव जागा आहे. इथं जाळ चालत नाही."

"अगं, महाराजांचं पुरण आहे ते!"

"असेल." गोजरी दारावर पहाऱ्याला असलेल्या हवालदाराकडं वळली. "हवालदारदादा, ठिपका कुठाय ते तुम्हीच बघून या ना!"

हवालदार चौकात गेला, नकाशा बघून आला, खालचे फटकेही वाचून आला, आणि त्यानं पहिल्या चुलीवर स्वतःच्या हातानं तांब्याभर पाणी ओतलं.

मागोमाग बायका घुसल्या. "सरका, सरका! पाणी भरायचंय!" ठमाकाकूंनी दोराला बांधलेली कळशी सोडली ती थेट कटाच्या आमटीच्या हंड्यात.

"अहो बाई, आमटी आहे ती!" बाबूभट किंचाळला.

"तरीच म्हटलं, यंदा पाणी एवढं गढूळ कसं!"

तिकडं महाराज पानावर बसले. मीठ आलं, लिंबाची फोड आली. पुढं काही येईना! शेवटी स्वतःच तणतणत खाली आले.

"वहाणा, महाराज," हवालदार मान खाली घालून म्हणाला. महाराजांना वहाणा काढाव्या लागल्या.

"कुणी विझवल्या माझ्या चुली?"

"आपणच, महाराज," गोजरी म्हणाली. "मोहोर आपली आहे."

"पण इथं कुठाय बारव? हा मुदपाकखाना आहे! आंधळाही सांगेल!"

"मलाही तसंच वाटतंय, महाराज. पण नकाशा चुकत नाही ना!"

आचाऱ्यांनी तोंडात पंचे कोंबले. महाराज लालबुंद झाले. "मी तुला बारव आणायला सांगितली होती! पायऱ्या कुठायत? दगड कुठायत?"

"दगड हलवायचा नाही, असा आपलाच हुकूम. बाकी सगळं आणलंय, महाराज! कायदा आला, पहारा आला, पाणी भरणाऱ्या बायकाही आल्या. दगडांना तेवढं वाचता येत नाही, म्हणून ते जुन्याच जागी बसून राहिलेत. आता आपणच ठरवा. बारव इथं असेल, तर पुरणपोळी नाही. आणि पुरणपोळी इथं असेल, तर बारव तिथं!"

तेवढ्यात महाराजांचं पोट गुरगुरलं. आधी महाराजांची मिशी हलली, मग पोट हललं, आणि मग ते असे हसले की फळीवरची पातेली वाजली!

"हरलो, पोरी! पेटवा रे चुली! पंत, ठिपका हलवा! आणि बारवेपर्यंत चालत जा, उपाशी! पायरीवर बसल्याशिवाय लेखणी उचलायची नाही!" त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून गोजरीच्या ओंजळीत टाकलं. "यापुढं आमच्या देवघरात फुलं तुझ्याच मळ्यातली!"

धडाम्! दुपारची तोफ झाली. गोजरी दचकली, कडं खाली पडलं, पण ती उचलायला वाकली नाही. घण! पाथरवटांना कुणी सांगितलंच नव्हतं! ती धावत गच्चीवर चढली. समोर माळावर, बारवेपाशी, पाथरवटांच्या मुकादमानं घण डोक्याच्या वर नेला होता.

"मुकादम! थांबा!" आवाज घशातच विरला.

"ओ मुकादमऽ!" वाऱ्यानं तोही नेला.

गोजरीनं डोळे मिटले, कठडा घट्ट धरला आणि आयुष्यात कधी ओरडली नव्हती अशी ओरडली, "मुकादऽऽम! हात थांबवाऽऽ! महाराजांचा हुकूम आहेऽऽ!"

आणि माळावरून आवाज आला, "ओऽऽ! थांबलो गं माय, थांबलोऽऽ!"