भिरुडाचा भंडारा

एकदा काय झालं, एका राजाला मुलगी झाली. नाव ठेवलं कमळजा. त्या राज्यात एक चाल होती, बरं का. मूल जन्मलं की त्याच्या नावाने अंगणात आंबा लावायचा. मूल आणि झाड, दोघं जुळी. झाड वाढेल तसं मूल वाढणार. आणि झाड वाळलं तर? ते कुणी मोठ्याने बोलायचं नाही.

कमळजाही वाढली, आंबाही वाढला. मग एका पावसाळ्यात त्या आंब्यावर एक भिरुडीण येऊन बसली. भिरूड म्हणजे मोठा किडा. बोटाएवढं अंग आणि अंगापेक्षा लांब मिशा. तिने दातांनी साल चिरली, आत तांदळाएवढं अंडं ठेवलं आणि उडून गेली. मागे वळून बघितलंसुद्धा नाही. त्यांच्यात तशीच रीत.

अंड्यातून पांढरी अळी निघाली. तिला पाय नाहीत, पंख नाहीत. तोंड तेवढं होतं. मग ती लाकूड खात सुटली. खायचं, पुढे सरकायचं आणि भुसा भोकातून बाहेर ढकलायचा. मुक्ते, पाय पांघरुणात घे बघू, नाहीतर गोष्ट थांबवीन.

झाडाखाली पिवळा भुसा साचला. माळीणबाईंनी तो पाहिला आणि हातच जोडले. "अगं बाई! झाड भंडारा देतंय!"

झालं. सगळं गाव लोटलं. राजाने स्वतः तो भुसा कपाळाला लावला. किड्याची घाण हो ती! पण सांगणार कोण? जितका भुसा जास्त पडे, तितका लोकांना आनंद.

मग आंब्याची पानं पिवळी पडली. राजा घाबरला. त्याने झाडाला दूध घातलं, तर मुंग्या आल्या. मग बुंध्याला हिरवा शालू गुंडाळला, तर भोकंच झाकली गेली. मग त्याने चांगल्या धडधाकट कमळजाला अंथरुणात झोपवलं, अंगभर तो भंडारा फासला आणि नुसती पेज चालू केली. "उठायचं नाही, पळायचं नाही. तुझ्या झाडाला बरं नाहीये."

पडून पडून पोरीच्या पायांतलं बळ गेलं. तिने राणीला विचारलं, "आई, मी मरणार का गं?"

राणीने तोंड फिरवलं. मला या राणीचा रागच येतो. पोरीला जवळ तरी घ्यायचं!

इकडे अळीने आतच एक खोली केली आणि ती झोपली. झोपेतच तिला पाय फुटले, पंख फुटले, लांबलचक मिशा फुटल्या. असा सगळा साज घेऊन भिरूड जागा झाला.

एका संध्याकाळी सगळे देवळात नवस बोलायला गेले. कमळजा भिंत धरधरून अंगणात आली. तिने बुंध्याला कान लावला. कर्र, कर्र, कर्र. मग साल फुटली, शालू फाटला आणि भिरूड बाहेर आला. तिने त्याला पकडलं. तो चिरचिरला.

"कोण रे तू?"

"भिरूड. सोड मला."

"माझ्या झाडात काय करत होतास?"

"जेवत होतो."

"आणि हा भंडारा?"

"माझा भुसा."

कमळजाच्या डोळ्यांत पाणी आलं. "मग आता मी मरणार?"

"मला काय विचारतेस? मी लाकूड खातो. मुलींमधलं मला काही कळत नाही."

तिने बोटं सैल केली. तो उडून गेला.

मग वारा सुटला. देवळातून माणसं परतली, तोच आंबा कडकडत आडवा झाला. राजा मटकन खाली बसला. राणी छाती पिटत धावली, "गेली गं माझी पोर!"

पडलेल्या फांद्यांच्या पलीकडून आवाज आला, "आई, भात टाक. पेज नको आता."

राणीने तिला उचललं, पोटाशी धरलं आणि पुष्कळ रडली. त्या राज्यात अजूनही मूल जन्मलं की आंबा लावतात. पण आंबे खायला. कमळजा आपल्या नातवंडांना आंबे कापून देत सुखाने म्हातारी झाली. भिरुडालाही दुसरं झाड मिळालं, त्यालाही पोट आहे. चला, मिटा डोळे आता.