अर्धी प्रदक्षिणा

खूप जुनी गोष्ट आहे. किती जुनी ते विचारू नका, मलाही ठाऊक नाही. तेव्हा एका राज्यात दोन मुलूख होते. डोंगरावरचा तो माथा आणि डोंगराखालचं ते खोरं. माथ्यावर ज्वारीची भाकरी खात, खोऱ्यात भात. हे दोन मुलूख वेगळे आहेत, याबद्दल कुणाचंच दुमत नव्हतं. भांडण होतं ते एकाच गोष्टीवरून. माथा संपतो कुठे?

वाटसरूनं उतरता उतरता विचारलं की खोरं कुठून सुरू होतं, तर लोक म्हणत, पुढच्या गावापासून. पुढच्या गावात गेलं की तेही म्हणत, अहो पुढच्या गावापासून. असं विचारत विचारत तो खाली पोहोचला की एखादा म्हातारा त्याला सांगे, खोरं ना, ते तर केव्हाच मागे सुरू झालं. आपलं गाव कडेचं आहे असं कोण कबूल करणार? जो तो आपला मध्यावर बसलेला.

राजा म्हातारा झाला. एवढा कारभार एकट्याच्यानं रेटेना, म्हणून त्यानं दोन मुलखांना दोन सुभेदार नेमायचं ठरवलं. मग हद्द हवी. त्यानं दोन पंडितांना कामाला लावलं.

पहिला पंडित म्हणाला, हद्द ताटावरून ठरते. जिथे भाकरी संपते तिथे माथा संपतो. तो घरोघर ताटं बघत फिरला. मधल्या गावांत लोक सकाळी भाकरी खात आणि रात्री भात. त्यामुळे त्याची हद्द दुपारनंतर सरकायची. दुसरा म्हणाला, छे, हद्द बोलीवरून ठरते. त्याला एक घर असं सापडलं की सासू खोऱ्यासारखी बोले आणि सून माथ्यासारखी. त्याची हद्द चुलीवरून गेली. दोघे वर्षभर तावातावानं भांडले. राजाच्या नाकी नऊ आले. शेवटी त्यानं आपल्या मोजणीदाराला बोलावलं आणि सांगितलं की जा, कुठेतरी एक दगड रोव आणि मोकळा हो.

मोजणीदार सरळ माणूस. मधल्या गावांपाशी एक ओढा होता. ओढ्याच्या अलीकडे, पायवाटेवर त्यानं चांगला कंबरेएवढा घडीव दगड उभा केला. दगडाच्या वरची बाजू माथा, खालची बाजू खोरं. हद्द ओलांडायची तर आपल्या सुभेदाराची चिठ्ठी हवी, असा हुकूम वाचून दाखवला. चिठ्ठी मिळायला महिना लागे. दगडापाशी रावजी नावाचा शिपाई बसवून मोजणीदार गेला.

आता ओढ्याच्या वरच्या गावात सगुणा नावाची सुईण राहत होती. आसपासच्या नऊ गावांतली निम्मी पोरं तिच्या हातांवर जन्मलेली. तिची एकुलती लेक मंजुळा ओढ्यापलीकडच्या गावात दिली होती. इथून हाक मारली तर तिथे ऐकू जाईल, इतकं जवळ. मंजुळाचे दिवस भरत आले होते. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, ही दोन्हीकडची रीत. सातव्या महिन्यातच तिला आणायची, पण सासरे अंथरुणाला खिळले म्हणून ती मागे राहिली. ते उठून बसू लागले, सगुणा लेकीला आणायला निघाली, आणि वाटेत हा दगड.

तिनं मोजणीदाराचं गाव गाठलं. तो बिचारा वाईट वाटून म्हणाला, "बाई, तुमची लेक आता खोऱ्यात गेली. माझा इलाज नाही."

"ती कुठे गेली नाही हो," सगुणा म्हणाली. "ती आपल्या घरी चुलीपुढे बसली आहे. गेला तो तुमचा दगड."

सगुणा परत फिरली. जगाच्या लेकीबाळी सोडवल्या आणि आपलीच तिकडे अडकली, असं म्हणत ती वाटभर रडली.

पण तुम्हांला आपले लोक ठाऊक आहेत. घडीव दगड, पूर्वेकडे तोंड, शेजारी वाहतं पाणी. पहाटे ओढ्यावर आलेल्या एका बाईला वाटलं, कुणीतरी नवस फेडून देव बसवलेला दिसतो. तिनं कण्हेरीचं फूल वाहिलं. फूल दिसलं म्हणून दुसरीनं कुंकू लावलं. कुंकू दिसलं म्हणून कुणी शेंदूर आणला. दुपारपर्यंत दगडाचा दगडपणा पार झाकून गेला आणि नारळ फुटू लागले. देव कुठला? कुणी म्हणे मारुती, कुणी म्हणे म्हसोबा. तोही एक नवा वाद सुरू झाला, पण हात सगळेच जोडत होते. रावजी सांगून सांगून थकला की बाबांनो, ही हद्द आहे. बाया म्हणाल्या, असेल, देवालाही हद्द असते. तिसऱ्या दिवशी रावजीच अंघोळ करून फूल घेऊन आला.

आणि देव म्हटला की प्रदक्षिणा आली. प्रदक्षिणेचा अर्धा फेरा माथ्यात, अर्धा खोऱ्यात. चिठ्ठीशिवाय माणसं दिवसभर हद्द ओलांडत होती, आणि देवाभोवती फिरणाऱ्याला अडवायची रावजीची छाती होईना.

सगुणानं हे पाहिलं आणि पलीकडे निरोप धाडला. दुसऱ्या सकाळी मंजुळा सासूचा हात धरून हळूहळू देवदर्शनाला आली. तिनं हात जोडले आणि प्रदक्षिणा सुरू केली. एक झाली, दुसरी झाली. तिसरी घालताना दगडाच्या वरच्या बाजूला आली तशी आईजवळ थांबली.

रावजी म्हणाला, "पोरी, अर्धी राहिली की."

"राहिलेली बाळंतपण झाल्यावर घालीन, दादा," मंजुळा म्हणाली.

रावजीनं डोकं खाजवलं. प्रदक्षिणा किती दिवसांत पुरी करायची, हे काही हुकमात लिहिलेलं नव्हतं. त्यानं दुसरीकडे तोंड फिरवलं. चौथ्या दिवशी मंजुळाला मुलगा झाला, तो आईच्याच हातांवर.

मग काय विचारता! अर्ध्या प्रदक्षिणेची टूमच निघाली. बाजारहाटाला जाणारे, सोयऱ्यांकडे निघालेले, सगळे अर्धी घालून जात आणि येताना उरलेली पुरी करत. पूर्वी ओढ्यावर नुसती ये-जा होती, आता लोक घटकाभर थांबू लागले. माथ्याच्या बाया भाकऱ्या आणत, खोऱ्याच्या बाया भात आणि कालवण.

ही बातमी राजाच्या कानी गेली. तो स्वतः आला. नेमका त्याच दिवशी मंजुळा सव्वा महिन्याचं बाळ घेऊन सासरी निघाली होती. रावजीनं राजाला पाहिलं. नोकरी गेली, कदाचित मानही गेली, असं त्याला वाटलं. राजानं विचारताच त्यानं काही न लपवता सगळं सांगितलं.

राजा सगुणाकडे वळला. नातू तिच्या मांडीवर होता.

"बाई, हे पोर माथ्याचं की खोऱ्याचं?"

"मला नाही सांगता यायचं, महाराज," सगुणा म्हणाली. "भूक लागली की आईचं, झोपलं की माझं. पलीकडे आजोबा वाट बघतायत, आज त्यांचं."

राजानं सोबत आणलेल्या मोजणीदाराला सांगितलं की हद्द कागदावर राहू दे, सुभेदारांना ती लागेल. चिठ्ठी मात्र आजपासून बंद. शिपायाला त्यानं देवाची दिवाबत्ती बघायला तिथेच ठेवलं. मंजुळानं बाळाला उचललं, अर्धा फेरा पुरा केला आणि ओढा ओलांडून गेली.

ते दोन पंडित अजूनही भांडतात म्हणे. फक्त आता ओढ्याकाठी बसून, एकाच ताटात भाकरी आणि भात घेऊन.

तात्पर्य: आपला मुलूख कुठे संपतो यावर खुशाल वाद घाला, पण त्या वादापायी कुणाच्या लेकीची वाट अडवू नका.