अरिंजय राजाचा विडा

एका राज्यात अरिंजय नावाचा राजा होता. शूर असा की नाव ऐकताच शेजारच्या राजांची पाचावर धारण बसे. पण राणी वारली आणि ह्या शूर राजाची झोपच उडाली. तेव्हा काजळगुहेतल्या मांत्रिकाने त्याला एक चांदीचा डबा दिला. डबा उघडावा, तर आत विडा तयार. तो खावा, तर दुःख निवे. डबा मिटून पुन्हा उघडावा, तर दुसरा विडा हजर! मोल म्हणून मांत्रिकाने काहीच मागितलं नाही. अहो, फुकट देणाऱ्या मांत्रिकापासून चार हात लांब राहावं, एवढंही राजाला कळू नये?

आधी राजा जेवणानंतर विडा खाई. मग दुपारीही. मग सकाळी, तोंड धुण्याआधी. प्रधानाने भीत भीत विषय काढला, तर राजा हसला.

"सवय आहे, प्रधानजी. मनात आणलं तर आज सोडीन."

मनात मात्र त्याने कधी आणलं नाही.

त्याच सुमारास राजकन्या वेणुमतीची सावली गेली. भर उन्हात उभी राहिली, तरी पायाशी नुसतं ऊन. मग तिचं वजन गेलं. वाळूत चालली, तरी पाऊल उमटेना. मग आवाज गेला. एके सकाळी तिच्या आरपार खिडकीचे गज दिसले आणि राजाच्या तोंडचं पाणी पळालं. एवढी एकच लेक, तीही डोळ्यांदेखत विरत चाललेली! वैद्य झाले, देवऋषी झाले, गुण येईना. आणि भीती दाटून आली की राजा काय करी? डबा उघडी.

अखेर त्याने दरबार भरवला. त्या राज्याची रीत अशी, की अवघड कामगिरी असली की तबकात विडा ठेवायचा. जो उचलील त्याने ती पत्करली. मग प्राण गेला तरी माघार नाही. राजाने आपल्याच डब्यातला विडा तबकात ठेवला.

"माझ्या लेकीला जो शोषतो आहे, त्याचा जो शोध लावील, त्याने हा उचलावा."

कोणी जागचं हललं नाही. सगळ्या सरदारांच्या माना खाली. मग एकेक मान वर झाली आणि सगळे राजाकडे टक लावून पाहू लागले. हे असे काय बघतात, असं राजाच्या मनात आलं. तेवढ्यात त्याला तोंडात काताची चव लागली.

तबक रिकामं होतं. बोटं लाल झाली होती. हात कधी गेला, हे त्याला ठाऊकच नव्हतं! त्याने वळून लेकीकडे पाहिलं. शेजारी बसलेल्या वेणुमतीचे हात मनगटापर्यंत नाहीसे झाले होते.

राणीची साळुंकी राणी गेल्यापासून मुकी होती. ती सिंहासनाच्या कमानीवरून बोलली,

"राजा, शोध लागला."

"उपाय सांग," राजा कसाबसा म्हणाला.

"तीन कामं कर. खरं ते भर दरबारात बोल. उघड्या डब्यासमोर दिवस काढ. मग डबा ज्याचा त्याला परत दे."

राजा उठला.

"मनात आणलं तर सोडीन म्हणालो, ते खोटं होतं. माझा हात माझं ऐकत नाही."

दुसऱ्या दिवशी तो उघड्या डब्यासमोर बसला. अंगाला दरदरून घाम सुटला, दात वाजू लागले. दुपारी डब्यातून राणीचा आवाज आला, "नाथ, एकच घ्या." राजाने स्वतःच्या मनगटाचा चावा घेतला, रडला, पण मावळतीपर्यंत हलला नाही.

मग डबा घेऊन तो काजळगुहेत गेला. मागोमाग वेणुमती, आता नुसती धुक्याएवढी. मांत्रिक दारातच उभा होता.

"शाबास राजा! सुटलास. जाता जाता शेवटचा एक घे."

खरंच की, राजाला वाटलं. अख्खा दिवस राहिलो, आता एकाने काय होतंय? असं म्हणेपर्यंत बोटं डब्याच्या झाकणावर होती. ती पाहून तो दचकला. ह्या हाताला आपण एकटे आवरू शकत नाही, हे त्याला कळून चुकलं.

"वेणू!" तो ओरडला. "माझा हात धर! मला जमत नाही गं!"

आधी काहीच जाणवलं नाही. मग मनगटाला गारवा लागला. मग भार आला, खराखुरा, पाच बोटांचा.

"धरलाय, आबासाहेब."

डबा शिळेवर पडला. आतला विडा काळा ठिक्कर झाला आणि मांत्रिक जागच्या जागी राख होऊन बसला. बापलेक बाहेर आले, तेव्हा वाटेवर दोन सावल्या पडल्या होत्या.

राज्याची घडी पुन्हा नीट बसली. पण तबकात विडा आला की राजाचा उजवा हात अजून थरथरतो. तो काही लपवत नाही. भर दरबारात लेकीपुढे हात करतो आणि तिने तो धरला की मगच कामगिरी सांगतो. वेणुमतीचा हात जसा राजाला वेळेवर मिळाला, तसा ज्याला हवा त्याला मिळो.