सहा बोटांची कवडी आणि हरवलेली ओ

एका राज्यात, भर पंगतीत, एका लहानशा कुत्रीनं कान मिटून घेतले. लाजाळूचं पान मिटावं तसे. आधी एक, मग दुसरा. वाढपी धावत होते, चौघडा झडत होता, पानोपानी तुपाच्या धारा पडत होत्या. कुणाचं तिकडे लक्ष गेलं नाही. गेलं ते राजकन्या शाल्मलीचं. पण शाल्मली हातातून पळी पडली तरी दचकायची, त्यामुळे तिच्या दचकण्याला त्या घरात कुणी किंमत देत नसे.

"आत्याबाई," ती म्हणाली, "कवडीनं कान मिटले."

"वारा लागला असेल. तू जेव."

पण वारा नव्हता. समयांच्या ज्योती सरळ उभ्या होत्या.

ही कवडी उत्तरेच्या बर्फसमुद्रावरून आली होती. अंगानं मांजराहून जराशी थोर, रंगानं भाजक्या विटेसारखी, पोट आणि पंजे पांढरे. पायापायाला सहा सहा बोटं. मान अशी लवचीक, की मागे टाकली तर कपाळ पाठीला टेकावं. पुढचे पाय पसरले तर पंखांसारखे दोहों बाजूंना आडवे व्हावेत. आणि कान हवे तेव्हा मिटावेत, असे की आत पाण्याचा थेंब जाऊ नये, मातीचा कण जाऊ नये. तिकडे समुद्रात उभे कडे आहेत, कड्यांत अरुंद बिळं आहेत, बिळांत रंगीत चोचींचे पक्षी राहतात. त्या बिळांत शिरायला देवानं ही जात घडवली.

तिला भेट म्हणून आणणाऱ्या खलाशांचा म्होरक्या निघताना तीन गोष्टी सांगून गेला होता. "हिला तूपतेल घालू नका, पोटात ठरत नाही. हिला दचकवू नका, जात भित्री आहे, ओळख हळूहळू धरते. आणि हिला कोंडू नका, चढायला दगड द्या." दरबारानं माना डोलावल्या. मग तिच्या स्वागताला नगारे वाजवले, तुपात भिजवलेला मऊ भात तिला भरवला, आणि पायाला खडे टोचू नयेत म्हणून मखमली गादीच्या पिंजऱ्यात तिला ठेवलं. प्रेम करायची दुसरी रीत त्या राज्याला ठाऊकच नव्हती.

त्या राज्यात 'नको' या शब्दाचा अर्थ 'आणखी वाढा' असा होता. पाहुणा पानावर हात आडवा धरी, यजमान त्या हातावरूनच धार सोडी, आणि सगळी पंगत खदखदून हसे. त्यातही राजाची थोरली बहीण आत्याबाई वाढायला उभ्या राहिल्या, की पाहुण्याची सुटका नसे.

त्या दिवशी पंगतीच्या टोकाला काळं घोंगडं पांघरलेला एक पाहुणा बसला होता. त्याच्या खांद्यावर साळुंकी होती. जेवण आटोपलं तेव्हा पाहुणा दिसला नाही. साळुंकी मात्र कशीबशी तुळईवर चढून तशीच बसून राहिली, पिसं चिकटलेली, पंख लोंबलेले.

दुपारी राजा हंसकेतू डोंगरात शिकारीला गेला आणि परतला नाही.

लोक त्याला शोधायला निघाले, त्यांनी हाका मारल्या, आणि तेव्हा कळलं की हाक कुणाला ऐकूच जात नाही. समोरासमोर बोललं तर बोलणं ऐकू येई. पण दुरून, पाठीमागून, नाव घेऊन कुणी पुकारलं, तर ओ येत नसे. गवळण गाईला हाक मारी, गाय चरतच राही. आया उंबऱ्यात उभं राहून मुलांना जेवायला बोलावत, मुलं खेळतच राहत, आणि अंधारून आलं की भेदरून रडत. ते रडणंही आयांना ऐकू जात नसे. काही दिवसांतच बायका आपल्या पदराला मुलांची मनगटं बांधून हिंडू लागल्या. बाजारात माणसं एकमेकांच्या उपरण्याचा काठ धरून चालू लागली.

आणि धुकं आलं. डोंगरावर बसलं ते उठेना.

शाल्मली रोज संध्याकाळी तटावर जाई आणि घसा फुटेपर्यंत पुकारी, "आबा! आबा हो!" ओ येत नसे. खाली पिंजऱ्यात कवडीचे कान मात्र प्रत्येक हाकेला हलत. ते शाल्मलीनं पाहिलं, पण कुणाला सांगितलं नाही. सांगून कोण ऐकणार?

पुढे कवडीनं खाणं सोडलं. तिचं पोट नगाऱ्यासारखं फुगलं, पाय सुजले, पाठीचा कणा मात्र हाताला लागू लागला. राजवैद्यानं तिला पाहिलं आणि सांगितलं, "अशक्तपणा आहे. तूप वाढवा."

शाल्मली तिच्याजवळ बसून रडत होती, तेव्हा तुळईवरून आवाज आला.

"राजकन्ये, माझ्याकडे कुणी पाहील का?"

शाल्मली अशी दचकली की कवडीही दचकली. साळुंकी म्हणाली, "पिसं तुपानं लिडबिडली आहेत. उडता येत नाही."

"रिठ्याच्या पाण्यानं धुऊ?" शाल्मलीनं विचारलं.

साळुंकीनं मान वाकडी करून तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "या वाड्यात 'करू का' असं विचारणारी तू पहिलीच. धू."

शाल्मलीनं तिला खाली उतरवलं, रिठे कोमट पाण्यात चोळून फेस काढला आणि एकेक पीस धुतलं. धुता धुता साळुंकी बोलू लागली.

"माझा धनी जादूगार आहे. तो जेवत होता. 'नको' म्हणाला. हात आडवा धरला. तुझ्या आत्याबाईंनी हातावर धार धरली. पुन्हा नको म्हणाला, पुन्हा धरली. तिसऱ्यांदा माझ्या अंगावर आली. तो मोठ्यानं बोलला नाही. इतकंच म्हणाला, 'माझा नकार तुमच्या कानी पोचला नाही. आता तुमची हाक कुणाच्या कानी पोचणार नाही.' चौघडा वाजत होता. तेही कुणाच्या लक्षात आलं नाही."

"आणि कवडी?"

"शाप कानावाटे शिरतो. तिचे कान त्या क्षणी मिटलेले होते. साऱ्या राज्यात ती एकटीच सुटली."

शाल्मलीनं तपेलं खाली ठेवलं. "आबा आहेत?"

"आहेत. रानात फळं आहेत, झरे आहेत, वाट तेवढी नाही. तेही तुला हाका मारतात. ज्या हाकेला ओ मिळत नाही तिचं धुकं होतं, राजकन्ये. तू रोज तटावरून जे डोंगराकडे पाठवतेस, तेच त्यांच्याभोवती जमलं आहे."

शाल्मलीला हे ऐकून वाटलं, आपण आत्ता इथंच विरून गेलो तर बरं. बापाला शोधायला म्हणून घसा फोडला, आणि बापाची वाट आपणच बुजवली! ती भिंतीला टेकून बसली.

"उपाय नाही?" शेवटी तिनं विचारलं.

"जाताना धनी मला सांगून गेला. त्यानं राज्यातली सगळी ओ उपसून एका अंड्यात घातली, आणि अंडं गरुडकड्याच्या कपारीत ठेवलं. माणसाचा हात तिथं शिरत नाही. सहा बोटांचा पाय शिरेल."

"ही? ही तर उभीसुद्धा राहत नाही!"

"तीन कामं आहेत. हिचा नकार ऐकायचा. हिची भीती ऐकायची. आणि कड्यावर तिला मोकळी सोडून मुकाट्यानं उभं राहायचं. तुमच्या माणसांना तिन्ही जमणं अवघड आहे."

पहिल्या कामाला शाल्मली त्याच दिवशी लागली. मिठाशिवाय शिजवलेली भाताची पेज आणि पाण्यात उकडलेला बिनचरबीचा मासा तिनं वाटीत कालवला. कवडीनं ते हुंगलं. इतक्यात आत्याबाई तुपाची तांबली घेऊन आल्या.

"हे काय? आजाऱ्याचं जेवण असं कोरडं? कुणी पाहिलं तर म्हणेल, राजाच्या घरी कुत्र्याला उपाशी मारतात!"

"नको, आत्याबाई."

"नको काय नको! चमचाभर तर घालते."

शाल्मलीनं वाटीवर हात आडवा धरला. आत्याबाई सवयीनं हसल्या आणि सवयीनंच त्यांनी धार सोडली. तूप नुकतं कढवलेलं होतं. शाल्मलीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, पण तिनं हात काढला नाही.

"अगं, हात काढ! भाजतंय ना!"

"भाजतंय. नको म्हणजे नको, आत्याबाई."

आत्याबाईंच्या हातातली तांबली तशीच कलती राहिली. पंगती उठवण्यात आयुष्य गेलेल्या त्या बाईनं आयुष्यात पहिल्यांदा तो शब्द ऐकला. त्या मटकन खाली बसल्या.

"मग मी करू तरी काय गं?" त्या म्हणाल्या. "माझा भाऊ तिकडे धुक्यात, ही इकडे मरायला टेकलेली. मला वाढण्याशिवाय दुसरं काय येतं?"

शाल्मली त्यांच्याशेजारी फरशीवर बसली. त्या दोघी तिथंच बसून राहिल्या आणि कवडीनं थोडीशी पेज चाटली.

दुसरं काम शाल्मलीला सोपं जाईल असं वाटलं होतं, कारण भीती तिच्या घरचीच. तिनं चौघडा बंद करवला, पिंजऱ्याचं दार काढून टाकलं. कवडी निघाली ती थेट पलंगाखाली शिरली. लपवून ठेवलेले भाताचे वाळके गोळे पुढ्यात घेऊन बसली आणि हात दिसला की दात दाखवू लागली. शाल्मली फरशीवर आडवी झाली. तिनं हात पुढे केला नाही. चुचकारलं नाही. दिवस गेले. मुदपाकखान्यात झाकण पडलं की दोघी एकदम दचकत, आणि मग दोघी एकमेकींकडे पाहत.

"तूही?" असं जणू कवडी विचारी.

सुजलेल्या पायांची सूज उतरली. पोट बसलं. पण बाहेर धुकं तटापर्यंत आलं होतं, कारण हाका मारायच्या नाहीत असं सांगूनही लोकांना राहवत नव्हतं. ज्याचं माणूस हरवलं, त्यानं करावं तरी काय? शाल्मली फरशीवर पडून विचार करी, मी इथं कुत्रीच्या मर्जीची वाट पाहत लोळतेय, आणि तिकडे आबा रोज थोडे थोडे पुसले जातायत. एकदा तिनं रडणं आवरण्यासाठी तोंडावर पदर ओढला. तेव्हा तिच्या भाजलेल्या हातावर काहीतरी टेकलं. तो पंजा होता. सहा बोटं, पाच जमिनीवर टेकणारी, एक जरा वर.

मग त्या गरुडकड्याला गेल्या. पुढे साळुंकी उडत, मागे शाल्मलीच्या कडेवर कवडी, तिच्या मागे आत्याबाई, हातात रिकामी वाटी. वाटी कशाला, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

"हिला हाक ऐकू येते," साळुंकी म्हणाली. "चढताना हाक मारलीत, तर ती वळून पाहील. वळून पाहिलं, की पाय सुटेल."

शाल्मलीनं कवडीला खाली ठेवलं. कवडीनं उभ्या दगडाचा वास घेतला. मग पुढचे पाय दोहों बाजूंना पसरून तिनं कड्याला मिठी मारली, आणि ती चढू लागली. इतके दिवस मखमलीवर लोळलेली ती कुत्री त्या दगडावर अशी चढली, की जणू तिला आत्ता कुठे पाय फुटले. धुक्यात तांबूस पाठ दिसत राहिली, मग पुसट झाली.

मधेच एक दगड निसटला. वरून माती आली. कवडीचे मागचे पाय हवेत लोंबले.

शाल्मलीच्या तोंडाशी नाव आलं. ते बाहेर पडणार, तोच आत्याबाईंचा तळहात तिच्या तोंडावर घट्ट बसला. त्या हाताला अजून तुपाचा वास होता. आत्याबाईंचे स्वतःचे ओठ दातांखाली रक्ताळले होते. दोघी तशाच उभ्या राहिल्या. वर कवडीनं मान मागे टाकली, पाठीला कपाळ टेकवून वरची कपार पाहिली, दोन्ही पुढच्या पायांची जादा बोटं एका भेगेत अडकवली आणि अंग वर ओढून घेतलं. तिनं कान मिटले. मग ती कपारीत शिरली.

आणि मग काहीच झालं नाही.

धुकं तसंच. आवाज नाही. आत्याबाईंनी तोंडावरचा हात काढला आणि त्या वाटीकडे पाहत बसल्या. शाल्मलीला आता आशा अशी राहिलीच नव्हती. होती ती फक्त कड्याकडे पाहत राहण्याची सवय. आबाही गेले, आणि जिला मी माझ्या हातानं बरी केली, तिलाही मीच इथं आणून घातली, एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं.

बऱ्याच वेळानं वर माती सरकली. कवडी आली. आली ती उलट्या पावलांनी, अंग चिखलानं माखलेलं, नाकावर ओरखडा. तोंडात एक करडं अंडं होतं. ते तिनं आत्याबाईंच्या वाटीत ठेवलं.

अंडं फुटलं. आत काही नव्हतं.

"झालं?" शाल्मलीनं साळुंकीला विचारलं. "मोडला शाप?"

"मला ठाऊक नाही," साळुंकी म्हणाली. "शाप घालताना मी पुष्कळ पाहिले. मोडताना एकही नाही. हाक मारून बघ."

"आणि ओ नाही आली तर?"

आत्तापर्यंत निदान अंडं मिळायचं बाकी होतं, आता तेही उरलं नव्हतं. आणि न पोचलेल्या हाकेचं धुकंच होणार. शाल्मलीनं खाली पाहिलं. कवडी तिच्या पावलावर पंजा ठेवून बसली होती, कान अजून मिटलेलेच.

"कवडे," ती हळूच म्हणाली, "मला फार भीती वाटते गं."

मग तिनं दरीकडे तोंड केलं आणि उरलासुरला आवाज गोळा केला.

"आबा!"

धुकं हललं नाही. कड्यावरून एक खडा घरंगळला, त्यानं ती दचकली. आत्याबाईंनी डोळे मिटले.

कवडीचा एक कान उघडला. मग दुसरा. दोन्ही कान दरीकडे वळले, ताठ झाले, आणि खालून, खूप खालून, बसलेल्या घशाचा एक ओळखीचा आवाज वर आला.

"ओ!"